खाली गाडी

"टायर डोळ्यांनी घेवचो नाय गो, हातान घेवचो. आधी वरसून तळवो फिरव, मगे आतल्या कडेन बोटां फिरव. काय ता तो आपणच सांगता."

ह्यांचे ते बोलणे कानात धरून मी चंद्रप्रकाशच्या दुकानात उकिडवी बसले होते. समोर रुंद, काळाभोर टायर होता, जाड बटणांच्या नक्षीचा. उपास होता, त्यात रबराचा उग्र वास. मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोर हे दुकान. पाळी सुटलेले कामगार जाता जाता वळून बघत होते. बाईमाणूस टायरात हात घालून काय शोधते आहे, असे त्यांना वाटले असणार. माझा दीर नंदू जरा लांब उभा होता. आपण हिच्याबरोबर आलेलोच नाही अशा चेहऱ्याने तो पंक्चरच्या टबातले पाणी बघत होता.

एका टायरच्या आतल्या कडेला माझ्या बोटांना बारीकसा उंचवटा लागला. बोट पुढे सरकवले तर तो पुढेही होता, गोल सगळीकडून. जुन्या टायरवर नवे रबर चढवले की असा सांधा राहतो, हे मला ह्यांच्याकडूनच कळले होते. मी चंद्रप्रकाशकडे नुसते बघितले.

"ताई, ड्रायव्हर लोक पण इथवर हात नाय घालत," तो हसून म्हणाला, आणि तो टायर पायाने बाजूला लोटून त्याने आतून दुसरा आणला.

नंदूचा चेहरा तेवढ्यापुरता उजळला. मलाही बरे वाटले. ह्यांनी सांगितले होते ते मी केले होते. पण काही गोष्टी त्यांनी कधी सांगितल्याच नव्हत्या, कारण त्या सांगायची वेळच कधी आली नव्हती. त्या माझ्या ध्यानात कुठून येणार?

आमची गाडी म्हणजे जुनी पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. मरोळच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या, आरे कॉलनीतून हायवेला निघायचे, भाईंदर, उत्तन करत गोराई गाठायची आणि तिथली मासळी घेऊन अंधेरीच्या बाजारात परतायचे. हे काम ह्यांनी वर्षानुवर्षे केले. ह्यांनी म्हणजे गुणाजी ड्रायव्हरने. मी नाव घेत नाही, पण चाळीत आणि गोराईत सगळे त्याच नावाने ओळखतात. नंदू धाकटा, गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा ह्यांच्या शेजारी बसून गाडी शिकला.

यंदा शिमग्याच्या सुमारास ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पाय ओढत ओढत का होईना, हे पुन्हा चालू लागले. वाचेतला मात्र एकच शब्द परत आला. खाली.

चहा दिला तरी खाली, भूक लागली तरी खाली. डॉक्टर म्हणाले, असे होते. एखादाच शब्द जिभेवर राहतो आणि माणसाला म्हणायचे असते भलतेच. पण आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. गाडी चाळीच्या अंगणात उभी असते. हे गॅलरीत बसून तिच्याकडे बघत तो शब्द म्हणायचे, तेव्हा ह्यांना उतरून गाडीजवळ जायचे आहे, असेच सगळ्यांनी धरले. नंदू आणि शेजारचा कुणीतरी ह्यांना खुर्चीत बसवून उतरवत. गाडीजवळ नेले की हे कधी तिच्यावर हात ठेवून गप्प बसत, कधी चिडून मान हलवत आणि रडू लागत. मग पुन्हा वर. असे पुष्कळदा झाल्यावर त्या शब्दाकडे कुणी फारसे लक्ष देईनासे झाले.

"दादाची टेप अडकलीय," नंदू म्हणायचा. त्याच्या मनात वाईट काही नसायचे. चाळीतले हसायचे, कधीकधी हेही डाव्या ओठाने हसायचे. मला मात्र हसू येत नसे.

पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे बर्फाला गिऱ्हाईक नसते. गाडी उभीच होती. नारळी पौर्णिमेच्या आधी गोराईची पुतळाबाई आमच्याकडे आली. तिच्या घरच्या दोन होड्या, आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याचजणी तिच्या शब्दावर मासळी विकायला देतात. येताना तिने सुक्या बोंबलांची पुडी आणली. माझा चातुर्मास, म्हणून मी ती नंदूसाठी वर बांधून ठेवली. पुतळाबाई ह्यांच्यासमोर फतकल मारून बसली आणि उत्तराची वाट न बघता तासभर बोलली. कुणाची होडी कुणी विकली, कुणाच्या पोरीचे कुठे जमले. हे ऐकत होते. मधेच त्यांनी आपला शब्द म्हटला, तर ती "व्हय रं बाबा" म्हणाली आणि पुढे बोलू लागली.

उठताना तिने नंदूला जवळ बोलावले.

"पयल्या दिसाला म्हावरां लय येतं, न् बरफ नसला तं समदा नासून जातं. गुनाजीनं कवा चुकवला नाय. तू मना शबुद दे."

नंदूने शब्द दिला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती निघून गेली, आणि तो शब्द नंदूपेक्षा माझ्याच छातीवर येऊन बसला. नंदूची बायको शकू बाळंतपणाला कणकवलीला माहेरी गेलेली. जाताना एस्टीच्या खिडकीतून माझा हात धरून म्हणाली होती, "ताई, ह्यांच्यावर लक्ष ठेवा हां. गाडी बेफाम हाणतात." मी ठेवते म्हटले होते. आता ती गाडी हाणणार, भरलेली, आणि शेजारी बसून त्याला आवरणारा माणूस वर खुर्चीत.

गाडी पुढून बसली होती. इतक्या वर्षांच्या खाऱ्या पाण्याने पुढच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मेल्या होत्या. उभी असली तरी देवळात शिरताना माणूस मान लववतो तशी दिसायची. गोराईकडच्या खड्ड्यांत पुढचे नाक दगडावर आपटायचे. नंदूने ती भाऊराव कमानवाल्याकडे नेली. भाऊरावने दोन्ही बाजूंच्या कमानींत एकेक पाटा वाढवला आणि गाडी पुढून उचलली. गवंड्याकडून पाणसळ आणून नंदूने हौद्याच्या फळीवर ठेवली. बुडबुडा मधोमध उभा राहिला. घरी येऊन त्याने तीनतीनदा सांगितले, "वहिनी, एक सूत इकडे नाय, एक सूत तिकडे नाय."

पण पुढचा भाग उचलल्यावर मडगार्डखाली पोकळी वाढली आणि जुनी चाके उंच माणसाने लहान मुलाच्या चपला घालाव्यात तशी दिसू लागली. टायर तर झिजून गोटा झालेच होते. नवे घ्यायलाच हवे होते. आता जुन्याच मापाचे अरुंद घ्यायचे, की रुंद रिमवर रुंद टायर चढवायचे, एवढाच प्रश्न होता. नंदूला रुंद हवे होते. झकास दिसतील हे एक झालेच, पण त्याचे दुसरे म्हणणे खोटे नव्हते. मागच्या हंगामात गोराईच्या वाळूत गाडी रुतली होती आणि कोळणींनी दोर लावून ओढली होती. रुंद टायर वाळूत रुतत नाहीत. त्या दिवसाची थट्टा तो अजून विसरला नव्हता.

घरचा निर्णय पूर्वी हे घ्यायचे. आता सगळे माझ्या तोंडाकडे बघत. मला गाडीतले काय कळते? पण ह्यांच्या बोलण्यातून, रागावण्यातून, जेवताना सांगितलेल्या गोष्टींतून जे कानावर पडले होते तेवढे मी गोळा केले आणि दुकानात एकेक विचारत गेले. रुंद टायर चढवल्यावर नंदूला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवायला लावले आणि कान देऊन उभी राहिले. कुठेही घासत नव्हते. मागच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत हात घालून बघितला. नंदूची मूठ आरामात आत जात होती. चंद्रप्रकाशने जुन्या मापाचा जोड माझ्यासमोर वेगळा काढून आमच्या जुन्या रिमवर चढवून ठेवला. नाही पटले तर परत या, म्हणाला. यापुढे काय विचारावे, मला सुचले नाही.

संध्याकाळी गाडी अंगणात आली. दुसऱ्या दिवशी पहिला फेरा, म्हणून मी आरती केली, नारळ घेतला, चाकांपुढे ठेवायला लिंबे घेतली. पोरे गाडीभोवती नाचत होती. नंदूने केस ओले करून भांग पाडला होता.

हे गॅलरीत उठून उभे राहिले. गाडीकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "खाली."

नंदूने खुर्ची आणली. ह्यांना उतरवले. ह्यांनी डाव्या हाताने पुढचे मडगार्ड चाचपले, बॉनेटवर तळवा ठेवला. मग हौद्याच्या कडेला धरत, पाय ओढत मागे गेले, मागच्या टायरच्या वर हात घातला आणि हौद्याच्या फळीवर थापटू लागले. खाली. पुन्हा थापट. खाली. आवाज चढत गेला. पोरे नाचायची थांबली.

"बघितलंस वहिनी?" नंदू म्हणाला. "पुढून उचलली ती ह्याला नको. खाली घे म्हणतोय. पहिली होती तशीच हवी, नाक घासणारी."

मी म्हटले, त्यांना काहीतरी सांगायचे आहे.

"मग सांगू दे ना. मी कुठं नाय म्हणतोय?" तो ह्यांच्याकडे वळला. "दादा, आता गाडी मी चालवतो. मी केलेलं एक तरी काम तुला पटू दे की, यार."

हे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा ओठ हलत होता, पण शब्द तोच येणार हे त्यांनाही ठाऊक असावे. त्यांनी तोंड मिटले आणि हौद्याच्या फळीवर कपाळ टेकले.

मी आरती ओवाळली, नारळ फुटला, गाडी लिंबांवरून पुढे गेली. सगळे झाल्यावर मी नंदूला बाजूला घेऊन विचारले, उद्याचा एक दिवस जुन्या मापाचे टायर लावून जाल का? त्याने कारण विचारले. कारण माझ्याकडे नव्हते. तो चिडला नाही, उलट मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, तुझं काळीज धडधडतं, त्याला टायर काय करणार?"

रात्री ह्यांनी पानाला हात लावला नाही. मी जपाची माळ घेऊन बसले आणि जप कुठवर आला हे पुन्हा पुन्हा विसरत राहिले. आरेतला तो उतार डोळ्यांपुढे येत होता, झाडीतून वळत जाणारा, सकाळच्या दवाने ओला झालेला. शकूचा खिडकीतला हात येत होता.

चातुर्मासात माझे सकाळचे मौन असते. उठल्यापासून दूध आणून, नैवेद्य दाखवून देवापुढे दिवा लागेपर्यंत बोलायचे नाही. नंदू उजाडायच्या आत बर्फाच्या कारखान्याकडे निघाला, तेव्हा मी त्याच्या हातावर दही ठेवले आणि मानेनेच जा म्हटले. गाडीचा आवाज नाक्याकडे वळला. हे जागे होते. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी दुधाच्या बाटल्यांची जाळी घेऊन केंद्रावर गेले. रांग होती. केंद्रावरची बाई नवीन होती, बहुतेक उत्तरेकडची, मराठी तोडकी मोडकी बोलत होती. माझ्या पुढच्या म्हातारीने भरलेल्या बाटल्यांना हात घातला तशी ती खेकसली, "आजी, खाली बाटली पहिले. खाली इकडे ठेवा, मग भरलेली घ्या."

म्हातारी वाकून बाटल्या जमिनीवर ठेवू लागली.

"अहो, जमिनीवर नाय. खाली, खाली बाटली. रिकामी."

रांगेतल्या बायका हसल्या. मी मात्र रांगेत पुढे सरकायची विसरले. मला ह्यांचे गोराईहून परतणे आठवले. दारात चपला काढत म्हणायचे, "आज येताना खालीच आलंय, म्हावरां गावाक नाय." म्हणजे मासळी मिळाली नाही. बर्फ उतरवून झाला की म्हणायचे, गाडी खाली केली. वसईचे, युपीचे, गुजरातचे सगळे ड्रायव्हर तसेच म्हणतात. घरात मालवणी बोलणारा माणूस, पण गाडीच्या बाबतीत त्याचा खाली म्हणजे रिकामा. इतकी वर्षे मी ते ऐकत आले होते.

मी बाटल्या घेतल्या आणि घरी कशी आले मला आठवत नाही. एक बाटली पातेल्यात ओतली. ती रिकामी आणि दुसरी भरलेली, दोन्ही घेऊन ह्यांच्यापुढे जमिनीवर बसले. दिवा लागायचा होता, त्यामुळे मला बोलता येत नव्हते. त्यांना तर कधीचेच येत नव्हते. मी रिकामी बाटली उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली.

"खाली," ते म्हणाले. हळू, अगदी नीट.

मी भरलेली पुढे केली. त्यांनी नाही अशी मान हलवली. मग ते उठून बसले. डावा तळवा त्यांनी रिकाम्या बाटलीवर आडवा धरला, सपाट, पाणसळीसारखा. तो तसाच उचलून भरलेल्या बाटलीवर आणला. आणि हळूहळू मनगट दबू दिले. मनगट दबले तशी बोटे वर उठली. उठलेली बोटे त्यांनी तशीच धरून ठेवली. ते माझ्याकडे बघत होते.

मला दिसले. भाऊरावने उचलली ती रिकामी गाडी. नंदूने पाणसळ ठेवली ती रिकाम्या हौद्यावर. आम्ही मूठ घालून बघितली तीही रिकाम्या गाडीत. कारखान्यात आता बर्फ चढत होता. हौदा दबणार, मागचे टायर मडगार्डला भिडणार, पुढचे नाक वर उठणार आणि पुढची चाके रस्ता सोडल्यासारखी हलकी होणार. ह्यांनी काल फळी थापटून थापटून तेवढेच सांगितले होते.

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले. दूध उघडेच राहिले. देवाकडे बघायचे धैर्य झाले नाही.

बर्फाचा कारखाना लांब नाही, पण धावायची सवय नसलेल्या बाईला लांबच. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा ती हातात घेतली. वाटेत कुणी काही विचारले असेल. मनात एकच चालले होते, निघाला नसू दे. वळणावर आले तो गाडी फाटकातून बाहेर पडत होती. गोणपाटांनी झाकलेल्या लाद्या हौद्यात काठोकाठ, आणि गाडीचे तोंड वर, हुंगणाऱ्या जनावरासारखे.

"भावजी, थांबा."

आवाज मोठा नव्हता. मला मोठ्याने बोलता येत नाही. पण नंदूने ब्रेक दाबला आणि दार उघडून तो तसाच बसून राहिला.

"वहिनी, तू बोललीस?" एवढेच त्याच्या तोंडून निघाले. मग घाबरून, "दादाला काय झालं?"

मी म्हटले, "ते बरे आहेत. खाली म्हणजे उतरव नाही, भावजी. खाली म्हणजे रिकामी. आपण मापं रिकाम्या गाडीवर घेतली."

तो उतरला. मागच्या चाकाजवळ गेला आणि मडगार्डच्या आत मूठ घालू लागला. मूठ जाईना. त्याने बोटे सरळ करून बघितली. तीही जाईनात. फाटकापर्यंतच्या तेवढ्याशा वाटेत टायरच्या बाजूवर पत्र्याचा ओरखडा उठला होता, ताजा, चकचकीत. नंदूने त्यावरून बोट फिरवले. मग तो पुढे येऊन बॉनेटला टेकून उभा राहिला. मिशीवरचा घाम त्याने बाहीने पुसला.

"आरेच्या उतारावर फाटला असता," तो म्हणाला. मग म्हणाला, "तो काल रडत होता ना, फळीला डोकं लावून."

मी फाटकातून आत वळले.

कारखान्याच्या माणसांना विनवून निम्म्या लाद्या परत उतरवल्या. गाडी पावलापावलाने चंद्रप्रकाशच्या दुकानाशी नेली. तो दुकानातच माळ्यावर झोपतो. फळ्या ठोकून उठवले तेव्हा शिव्या देत उतरला, पण टायरवरचा ओरखडा बघितला आणि आत जॅक आणायला वळला. जॅक लावला. वेगळा काढलेला जुन्या मापाचा जोड बाहेर आला. एकेक चाक उतरत होते, एकेक चढत होते, आणि गोणपाटांतून बर्फाचे पाणी गळत होते. मला ते पाणी बघवत नव्हते. भरतीबरोबर होड्या लागणार, पुतळाबाई किनाऱ्यावर येऊन उभी राहणार. नंदूलाही तेच दिसत असावे. तो पान्याला लोंबकळून नट आवळत होता आणि वर बघत नव्हता.

चाके चढली. बटणांचे ते रुंद टायर चंद्रप्रकाशने आत लोटले, नंदूने त्यांच्याकडे एकदासुद्धा वळून बघितले नाही. उरलेल्या लाद्या त्याने केबिनला टेकवून पुढे रचल्या. तरी तोंड थोडे वर होतेच. भाऊरावने घातलेला पाटा काढल्याशिवाय ते जाणार नव्हते. आरेतून जात नाही, हायवेने सावकाश जातो, असे तो आपणहून म्हणाला. आणि किल्ली लावता लावता म्हणाला, "आधी घरी घेतो. दादाला दाखवून जातो."

उशीर होत होता. बर्फ वितळत होता. पण मी त्याला अडवले नाही.

मला अंगणात सोडून तो गाडी वळवू लागला. मी वर गेले. हे गॅलरीत उभे होते, कठडा घट्ट धरून, केव्हापासून कोण जाणे. मी आत जाऊन घाईघाईने दिवा लावला. आजचे मोडलेले उद्यापासून नीट धरीन, एवढे देवाला सांगितले आणि बाहेर येऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले.

नंदू गाडीतून उतरला होता आणि मान वर करून बघत होता. हे बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग डावा हात त्यांनी कठड्यावरून उचलला, तळवा आडवा धरला, बोटांची टोके जराशी वर. हात पुढे ढकलून दाखवला. नंदू हौद्यात चढला. शेवटची लादी त्याने खांद्याने पुढे सारली आणि पुन्हा वर बघितले. ह्यांनी अजून थोडे, अशी खूण केली. त्याने अजून थोडे सारले. ह्यांचा तळवा सपाट झाला.

चाळीतल्या बायका नळावर थांबल्या होत्या. कुणी हसले नाही.

नंदूने कपाळावरचा बर्फाचा चुरा पुसला. दोन्ही हात कमरेवरून काढून तो नीट उभा राहिला.

"दादा, जाऊ?"

शिमग्यापासून ह्यांना कुणी असे विचारले नव्हते. औषध घ्या, उठा, बसा, झोपा, एवढेच आम्ही सांगत होतो. ह्यांनी पुन्हा कठडा धरला. रस्त्याच्या टोकापर्यंत एकदा बघितले, भरती किती आली असेल याचा अंदाज घेतल्यासारखे. मग वाट मोकळी आहे, जा, अशी खूण पूर्वी करत तसा हात एकदा हलवला.

नंदू गाडीत बसला. रोजच्यासारखा हॉर्न वाजवला नाही. गाडी अंगणातल्या खड्ड्यातून सांभाळून उतरली, फाटकाशी थांबली, दोन्हीकडे बघून हायवेच्या रस्त्याला वळली, आणि तिच्या हौद्यातून टपकणाऱ्या पाण्याची ओली रेघ तिच्यामागून गोराईच्या दिशेने जाऊ लागली.